वस्तीतलं किराणा दुकान परत आणताना

अमेरिकेतल्या ग्रीन्सबरो शहराच्या ईशान्य भागातलं ‘विन-डिक्सी’ हे मोठं किराणा दुकान १९९८ मध्ये बंद झालं. ताज्या भाजीसाठी लांब जावं लागू लागलं. गाडी नसलेल्यांचे हाल झाले. कोणतीही मोठी कंपनी तिथे यायला तयार होईना, तेव्हा रहिवाशांनीच सहकारी दुकान काढायचं ठरवलं. शंभर डॉलर भरले की सभासदत्व; मत प्रत्येकाला एकच. २०१६ मध्ये दुकान उघडलं, पण २०१९ च्या सुरुवातीला बंद पडलं. विक्रीतून खर्च भागेना. किराण्यात नफा मुळातच थोडा, आणि मोठ्या कंपन्या घाऊक खरेदीच्या जोरावर स्वस्त विकतात. अशा दुकानाला भांडवलाइतकीच रोजच्या गिऱ्हाइकांची गरज असते. सभासदांनी महिन्याचा किराणा तिथेच भरला, तरच ते टिकतं.