पोटाला आराम देणारा चिनी काढा

चहा म्हटला की आपल्याला दूध-साखरेचा कप आठवतो. दक्षिण चीनच्या क्वांगतुंग प्रांतात आणि हाँगकाँगमध्ये मात्र चहा म्हणून जे पितात, त्यात पुष्कळदा चहापत्तीच नसते. तो साली, फुले व मुळे यांचा काढा असतो. डॉक्टरची फी न परवडणारा कष्टकरी माणूस अशा दुकानात वाटीभर काढा पिऊन कामावर जाई. या काढ्याच्या परंपरेला २००६ साली चीनने राष्ट्रीय वारशाच्या यादीत स्थान दिले.

पोटासाठी चिनी घरांत प्रामुख्याने तीन वस्तू वापरतात. पोट फुगले, मळमळले तर संत्र्याची वाळवलेली साल. ती निदान तीन वर्षे मुरवतात. तेलकट, मांसाहारी जेवण जड झाले तर शानचा नावाचे आंबट लाल फळ. भात-पिठाचे जेवण पचले नाही तर मोड आणून भाजलेले जव. नागपूरचे संत्रे याच सालीच्या जातीचे आहे. स्वच्छ धुऊन वाळवलेल्या सालीचा लहान तुकडा आणि आल्याच्या दोन चकत्या दोन कप पाण्यात दहा मिनिटे उकळा, गाळून कोमट प्या. आले आपल्याला परके नाही. विनयपिटकात भिक्खूंच्या औषधांत आले आणि हळद दोन्ही आहेत.

परंतु माताभगिनींनो, वनस्पती म्हणजे निर्धोक असे समजू नका. मोडाचे जव चीनमध्ये आईचे दूध आटवण्यासाठीही देतात, म्हणून अंगावर पाजणाऱ्या आईने ते टाळावे. वजन घटवणारा म्हणून विकल्या जाणाऱ्या ‘चिनी चहा’त पुष्कळदा सोनामुखी असते. ती रोज घेतल्याने जुलाब होतात, आतड्यांना तिची सवय लागते. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला बेल्जियममध्ये वजन घटवण्याच्या गोळ्यांत नामसाधर्म्यामुळे चुकीची चिनी वनस्पती पडली आणि शंभराहून अधिक जणांची, बहुतेक स्त्रियांची, मूत्रपिंडे बिघडली.

केवळ परंपरेने आले म्हणून काही स्वीकारू नका, असे तथागतांनी कालामांना सांगितले होते. तीच कसोटी काढ्यालाही लावावी. जेवण जड झाले तर काढा ठीक आहे. पण शौचातून रक्त पडणे, वजन घटणे, दोन आठवड्यांहून अधिक पोट दुखणे ही लक्षणे असतील तर सरकारी दवाखाना गाठा. आणि छातीत दुखून घाम फुटला तर ‘गॅस झाला’ म्हणून काढा उकळत बसू नका, तत्काळ रुग्णालयात न्या. तिथे गेलेला वेळ परत येत नाही.