विश्लेषण : ताटात 8 रुपये, पण प्रभादेवीत अंगणवाडी भरवायची कुठे?

प्रभादेवी स्टेशनबाहेर पडून सिद्धिविनायकाच्या दिशेने चालत निघालात, तर वाटेत काचेचे टॉवर दिसतात, जुन्या चाळी दिसतात, पत्र्याच्या कुंपणाआड चाललेली बांधकामे दिसतात. अंगणवाडी सहसा दिसत नाही. मुंबईत ती असते गल्लीच्या आत. कुठे चाळीच्या तळमजल्यावर, कुठे मंडळाच्या कार्यालयात, कुठे भाड्याच्या दहा बाय दहाच्या खोलीत.

सहा वर्षांखालील मुले, गरोदर महिला आणि स्तनदा माता यांच्यासाठी सरकार जो पैसा खर्च करते, त्याचा मोठा भाग या खोलीतूनच जातो. 2025-26 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात ‘सक्षम अंगणवाडी आणि पोषण 2.0’साठी 21,960 कोटी रुपयांची तरतूद होती. आकडा मोठा वाटतो. तो एका मुलापर्यंत पोहोचेपर्यंत किती उरतो, ते पाहू.

एका मुलामागे किती पैसे?

दिवसाला 8 रुपये. तीव्र कुपोषित मुलासाठी 12 रुपये आणि गरोदर किंवा स्तनदा मातेसाठी साडेनऊ रुपये. हे दर 2017 मध्ये ठरले. महाराष्ट्रात आहाराचा हा खर्च केंद्र आणि राज्य निम्मा-निम्मा उचलतात.

अन्नसुरक्षा कायद्याच्या 2013 मधील मूळ निकषांनुसार 3 ते 6 वर्षांच्या मुलाला या आहारातून 500 कॅलरी आणि 12 ते 15 ग्रॅम प्रथिने मिळायला हवी होती. स्टेशनबाहेर 8 रुपयांत अर्धा वडापाव मिळतो. धान्य केंद्राकडून सवलतीच्या दरात येते, म्हणून हे गणित कसेबसे जुळते. डाळ, तेल, भाजी आणि गॅस मात्र बाजारभावानेच घ्यावे लागतात. फेब्रुवारी 2025 च्या अर्थसंकल्पी भाषणात हे दर ‘योग्य प्रमाणात’ वाढवण्याची घोषणा झाली. योग्य म्हणजे किती, हे त्या भाषणात नव्हते.

खोलीचे भाडे आहारापेक्षा जास्त?

आता साधा गुणाकार. वर्षाचे 300 दिवस धरले, तर एका मुलाच्या आहारावर 2,400 रुपये खर्च होतात. 25 मुलांच्या अंगणवाडीत हा खर्च 60 हजार होतो.

2017 नंतरच्या केंद्राच्या निकषांत महानगरातील अंगणवाडीसाठी भाड्याची मर्यादा महिना 6 हजार होती, म्हणजे वर्षाला 72 हजार. मुलांच्या जेवणापेक्षा खोली महाग. आणि 6 हजारांत प्रभादेवीत खोली मिळते का, हे कुठल्याही एजंटला विचारून पाहा. मर्यादा वाढवून आठ-दहा हजार धरली, तरी तो हसेलच.

गावात ग्रामपंचायत जागा देते, शाळेच्या आवारात खोली बांधता येते. मुंबईत अंगणवाडी महापालिकेची नाही, ती राज्याच्या महिला व बालविकास विभागाची. जमीन, शाळा, समाजमंदिरे यांची मालकी मात्र पालिका, म्हाडा किंवा सोसायट्यांकडे. पैसा एका खात्याचा आणि जागा दुसऱ्याची, अशा स्थितीत सेविका स्वतःच जागा शोधत फिरते.

याच सेविकेचे मानधन 2024 मध्ये राज्याने 10 हजारांवरून 13 हजार केले. मदतनीसाला 7,500 रुपये मिळतात. त्याआधी डिसेंबर 2023 पासून जानेवारी 2024 पर्यंत सेविका संपावर होत्या. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2022 मध्ये त्यांना ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य केला आहे, तरी कागदावर त्या आजही ‘मानधनी’च आहेत.

मग टॉवरमध्ये जागा का नसते?

नियमात ती आहे. मुंबईच्या विकास नियंत्रण नियमावलीतील 33(10), म्हणजे झोपडपट्टी पुनर्वसनाच्या योजनेत, बालवाडी आणि वेल्फेअर हॉलसाठी जागा ठेवावी लागते. ही जागा एफएसआयमध्ये मोजली जात नाही, म्हणजे बिल्डरचे विक्रीचे क्षेत्र त्यामुळे कमी होत नाही. तरी इमारत उभी राहिल्यावर त्या खोलीत सायकली, मंडपाचे बांबू किंवा सोसायटीचे ऑफिस असल्याचे चित्र मुंबईला नवे नाही. जागा ठेवणे बंधनकारक आहे. तिथे अंगणवाडी भरते की नाही, याची रोज विचारपूस करणारे कोणी नाही.

माझ्या मते खरी गळती इथेच आहे. आहाराचा दर दोन रुपयांनी वाढला तर बातमी होते. बालवाडीची खोली गेली तर होत नाही.

‘पाळणा’ योजनेतही हाच अडथळा येतो. नोकरी करणाऱ्या आयांसाठी अंगणवाडीलाच पाळणाघर जोडायचे, खर्च केंद्र 60 आणि राज्य 40 टक्के, अशी ही योजना आहे. पण चार तासांची खोली मिळवताना दमछाक होते, तिथे दिवसभराची आणायची कुठून?

याच परिसरातील सिद्धिविनायक ट्रस्टने 2025 मध्ये 8 मार्चला सरकारी रुग्णालयात जन्मणाऱ्या मुलींसाठी आईच्या नावे 10 हजारांच्या मुदत ठेवीची योजना जाहीर केली. एकदाच द्यायची रक्कम जाहीर करणे सोपे असते. दरमहा भाड्याला देणगीदार मिळत नाही.

चेहरा जुळला तर आहार

1 जुलै 2025 पासून घरी नेण्याच्या आहारासाठी ‘पोषण ट्रॅकर’ अॅपवर चेहरा पडताळणी सक्तीची झाली. लाभार्थीचा, लहान मुलाच्या बाबतीत आईचा किंवा पालकाचा, चेहरा जुळला तरच वाटपाची नोंद होते. इंजिनीअर म्हणून मला या सिस्टिमचे तर्कशास्त्र कळते, चोरी थांबायला हवीच. पण चाळीच्या तळमजल्यावर रेंज नसते, हेही कळते. 2021 मध्ये राज्यातील सेविकांनी निकृष्ट मोबाइल आणि इंग्रजी अॅपला कंटाळून फोन सरकारला परत केले होते. पाकीट कोणी नेले हे अॅप सांगते. खोलीत पंखा आहे का, हे त्यातून कळत नाही.

मुळात ही कल्पना इथलीच

ताराबाई मोडक यांनी 1936 मध्ये दादरला शिशुविहार सुरू केले. पुढे 1945 मध्ये बोर्डीला गेल्यावर, मूल शाळेत येत नसेल तर शाळा त्याच्या अंगणात न्यायची, या विचारातून अंगणवाडी आकाराला आली. एकात्मिक बालविकास योजना 2 ऑक्टोबर 1975 रोजी देशात 33 ठिकाणी सुरू झाली, त्यात धारावी होती.

त्याहून मागे गेलो तर 1928 मध्ये मुंबई कायदेमंडळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी प्रसूती रजेच्या विधेयकाला पाठिंबा दिला. हा भार मुख्यतः सरकारने उचलावा आणि कामगार स्त्रीच्या श्रमाचा फायदा घेणाऱ्या मालकानेही त्यात वाटा द्यावा, अशी त्यांची मांडणी होती. पुढच्याच वर्षी कायदा झाला, आणि गिरणगावातल्या बायकांना त्याचा लाभ मिळाला. त्या गिरण्यांच्या जागी आज टॉवर आहेत.

तुम्ही काय मागू शकता?

सर्वोच्च न्यायालयाच्या 13 डिसेंबर 2006 च्या आदेशानुसार, वस्तीत सहा वर्षांखालील किमान 40 मुले असतील आणि अंगणवाडी नसेल, तर मागणी केल्यापासून तीन महिन्यांत ती मिळायला हवी. त्यासाठी मुलांची नावे आणि वय लिहून नागरी बाल विकास प्रकल्प अधिकाऱ्याकडे अर्ज द्या, पोच घ्या. वॉर्ड ऑफिसात दिलात तर तो अर्ज फिरत राहील.

पहिल्या बाळासाठी मातृवंदना योजनेचे 5 हजार आणि दुसरी मुलगी झाल्यास 6 हजार मिळतात. त्याची माहिती अंगणवाडीतच विचारा.

तुमची चाळ किंवा वस्ती पुनर्विकासाला जात असेल, तर सोसायटीच्या सभेत मंजूर नकाशा मागा. कार्पेट एरिया आणि पार्किंग सगळेच बघतात. बालवाडीची खोली कोणत्या मजल्यावर दाखवली आहे आणि ताबा कोणाला मिळणार, तेही त्याच नकाशावर विचारून घ्या, लेखी.