कॉपीराइट : ऐकीव गोष्टी आणि कायदा

नाटक, सिनेमा, वेबमालिका आणि रील्सच्या धंद्यात कॉपीराइटचं ज्ञान बहुतेकांना एकमेकांकडूनच मिळतं. १९५७चा कायदा मात्र बऱ्याचदा वेगळंच सांगतो.

गैरसमज : कल्पना चोरली की खटला जिंकलाच.
वस्तुस्थिती : कॉपीराइट कल्पनेला नसतो, तिच्या मांडणीला असतो. आर. जी. आनंद यांनी आपल्या ‘हम हिंदुस्तानी’ या नाटकावरून ‘न्यू दिल्ली’ (१९५६) हा चित्रपट उचलल्याचा दावा केला होता. दोन्हींत प्रांतवाद, दोन्हींत दोन प्रांतांची कुटुंबं. तरीही १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने दावा फेटाळला. विषय सगळ्यांचाच असतो. दोन्ही कृती पाहणाऱ्याला ‘ही तर नक्कलच’ असं निःसंशय वाटलं पाहिजे, अशी कसोटी न्यायालयाने घालून दिली.

गैरसमज : सिनेमाच्या नावावर कॉपीराइट मिळतो.
वस्तुस्थिती : ‘देसी बॉईज’च्या नावावरून झालेल्या वादात, नुसत्या शीर्षकाला कॉपीराइट नसतो, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली सांगितलं. नावाचा ट्रेडमार्क मात्र घेता येतो.

गैरसमज : तीस सेकंदांपर्यंत गाणं वापरलं आणि श्रेय दिलं की झालं.
वस्तुस्थिती : सेकंदांचं असं कोणतंही माप कायद्यात नाही. श्रेय देणं म्हणजे परवानगी घेणं नव्हे. समीक्षा, बातमी, खासगी अभ्यास अशा मोजक्या कारणांसाठी सवलत आहे. लग्नाच्या वरातीत वाजणाऱ्या गाण्यांनाही ती आहे. जाहिरातीच्या रीलला नाही.

गैरसमज : गाणं जुनं, म्हणजे फुकट.
वस्तुस्थिती : एका गाण्यात शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण असे तीन वेगळे हक्क असतात. ध्वनिमुद्रणाची मुदत प्रकाशनानंतर ६० वर्षं; शब्द आणि चालीची मात्र निर्मात्या कलावंताच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. ‘गीतरामायण’ १९५५ साली आकाशवाणीवर सुरू झालं. गदिमा १९७७ साली गेले, त्यामुळे त्यांचे शब्द २०३७ अखेरपर्यंत संरक्षित आहेत. सुधीर फडके २००२ साली गेले. त्यांच्या चाली २०६२ अखेरपर्यंत.

गैरसमज : नोंदणी केली नाही तर हक्कच नाही.
वस्तुस्थिती : संहिता कागदावर उतरली की हक्क आपोआप मिळतो. नोंदणी ऐच्छिक आहे. पण वाद झालाच तर पुरावा म्हणून ती फार कामाला येते.

गैरसमज : एकदा सही केली की निर्माताच सगळ्याचा मालक.
वस्तुस्थिती : १९७७च्या एका निकालाने चित्रपटगीतांच्या बाबतीत निर्मात्याचं पारडं जड केलं होतं. गीतकार-संगीतकारांनी पुढे बरीच वर्षं लढा दिला, जावेद अख्तर यांनी राज्यसभेत बाजू लावून धरली आणि २०१२ साली कायदा बदलला. आता चित्रपटातल्या गीत-संगीताचा वापर चित्रपटगृहाबाहेर झाला, तर रॉयल्टीतला समान वाटा गीतकार-संगीतकाराकडेच राहतो. तो वारसांना किंवा कॉपीराइट संस्थेलाच देता येतो. निर्मात्याला देऊन टाकल्याचा करार कायद्यापुढे टिकत नाही. शिवाय हक्क द्यायचा तर तो लेखीच द्यावा लागतो. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत.

म्हणून नव्या लेखक-संगीतकारांना एवढंच सांगणं : सही करण्याआधी करारातली मुदत, प्रदेश, माध्यम आणि मोबदला ही चार कलमं स्वतः वाचा. कळली नाहीत तर वकिलाला दाखवा. त्याची फी पुढच्या खटल्यापेक्षा नक्कीच स्वस्त पडेल.