जखिणवाडीची भेट व शाहूमहाराजांची यादवी

मलकापुराशेजारील जखिणवाडीस इ. स. १७३१ च्या फेब्रुवारींत शाहूमहाराज व करवीरकर संभाजीमहाराज यांची भेट झाली. सुमारें चोवीस वर्षांच्या यादवींत शाहूमहाराज टिकले कसे, याचें उत्तर केवळ रणांगणावर सांपडत नाहीं. इ. स. १७०७ त खेडच्या लढाईंत ताराबाईंचे सेनापति धनाजी जाधव त्यांस मिळाले. १७११ त धनाजींचेच पुत्र चंद्रसेन त्यांस सोडून गेले. सरदारांची निष्ठा अशी डळमळीत असतां बाळाजी विश्वनाथांनीं १७१४ त कान्होजी आंग्र्यांस बोलण्यानेंच वळविलें. पुढें १७१९ च्या मोगली सनदांनीं स्वराज्य, चौथाई व सरदेशमुखी यांचा हक्क पदरीं पडला.

१७३० त वारणाकांठीं विजय मिळूनहि महाराजांनीं चुलतभावाचें राज्य बुडविलें नाहीं. एप्रिल १७३१ च्या तहानें वारणेच्या दक्षिणेचा मुलूख त्यांस दिला. राजा टिकला, परंतु कारभार क्रमानें पेशव्यांच्या हातीं गेला.

या काळांत वतनदार दोन्ही गाद्यांकडून सनदा घेत. एकाच दप्तरांत अशीं परस्परविरोधी पत्रें आढळल्यास संग्राहकांनीं एक बनावट समजून टाकूं नये. तिथि व शिक्के ताडून दोन्ही जपावींत. यादवीचा खरा पुरावा तोच होय.