मॉर्फिनची गोळी आणि परवान्यांचं ओझं
कर्करोग हाडांत पसरला की पॅरासिटामॉल पुरत नाही, मॉर्फिनच लागतं. त्यासाठीची अफू आपल्याच मध्य प्रदेशात, राजस्थानात सरकारी देखरेखीखाली पिकते, आणि तरी इथला रुग्ण रात्ररात्र कण्हत असतो, हे मन विषण्ण करणारं आहे. १९८५च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानंतर साठा ठेवायला वेगवेगळ्या खात्यांचे परवाने लागू लागले. नोंदवहीतल्या चुकीसाठीही तुरुंगाची धास्ती! बहुतेक रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणंच सोडलं. कित्येक डॉक्टरांना ते द्यायचं कसं, हे शिकायलाच मिळालं नाही. २०१४च्या दुरुस्तीनंतर मान्यताप्राप्त संस्थेला राज्याच्या औषध नियंत्रकाची मंजुरी पुरते. तरीही तालुक्याच्या गावातून गोळ्यांसाठी शहर गाठावं लागतं, तेही बहुधा नातेवाइकांनाच, कारण रुग्णाला उठवत नाही.