परदेशी बाजाराला जाताना कोणते गाइडबुक घ्यावे?

कापड आणि तयार कपड्यांचा धंदा करणारे आपल्यातील अनेक छोटे व्यापारी आता माल पाहण्यासाठी बँकॉक, इस्तंबूल किंवा ग्वांगझूला जाऊन येतात. विमानाचे तिकीट काढताना चार एजंटांकडे भाव विचारला जातो. मात्र तिथे कोठे उतरावे, बाजारात कसे पोहोचावे हे सांगणारे पुस्तक घेताना हाताला येईल ते उचलले जाते, किंवा घेतलेच जात नाही. या बेफिकिरीची किंमत मी स्वतः मोजली आहे, म्हणून चार शब्द लिहीत आहे.

2007 साली मी पहिल्यांदा बँकॉकला गेलो. आम्ही तीन दुकानदारांनी पैसे एकत्र केले होते आणि तिघांतर्फे नमुने पाहून येण्याचे काम माझ्याकडे आले होते. मुंबईत फूटपाथवर एक जुने गाइडबुक दीडशे रुपयांत मिळाले. माझे शिक्षण उर्दू माध्यमातले. डिक्शनरी शेजारी ठेवून बँकॉकचे प्रकरण रात्री जागून वाचून काढले. विमानतळासमोरच रेल्वे स्टेशन आहे, पूल ओलांडला की अगदी थोड्या पैशांत शहरात, असे त्यात होते. मी मोठ्या ऐटीत भागीदारांना सांगितले की टॅक्सीचा खर्च धरूच नका.

रात्री उतरलो तर स्टेशन कुठेच नाही. पुस्तकातला विमानतळ होता डॉन मुआंग आणि सप्टेंबर 2006 मध्येच आंतरराष्ट्रीय विमाने शहराच्या दुसऱ्या बाजूला सुवर्णभूमी विमानतळावर गेली होती. तिथून शहरात येणारी रेल्वे सुरू झाली ती 2010 मध्ये. टॅक्सीवाल्याला हॉटेलचे नाव दाखवले, तर त्याला रोमन अक्षरे वाचता येईनात. तासभर फिरून पोहोचलो तेव्हा हॉटेलच्या जागी दुसऱ्याच इमारतीचे बांधकाम चालू होते. मिळेल त्या भावाने खोली घेतली आणि चार दिवसांतला एक पुरा दिवस परवडणारी जागा शोधण्यात गेला. परत येऊन हिसाब मांडला तेव्हा आमच्यातले थोरले हाजीसाहेब चष्मा पुसत एवढेच म्हणाले, "भाई, स्टेशन समोरच आहे म्हणाला होतास ना?" टॅक्सीचे आणि जादा खोलीभाड्याचे पैसे मी माझ्या नावावर टाकले.

यात पुस्तकाचा दोष नव्हता. ते छापले गेले तेव्हा मजकूर खराच होता. मी साल पाहिले नाही, हा माझा दोष. म्हणून दुकानात पुस्तक हाती घेतल्यावर आधी सुरुवातीच्या किंवा शेवटच्या पानांत बारीक अक्षरात छापलेले आवृत्तीचे साल पाहावे. माहिती गोळा करण्याचे काम छपाईच्या आधी झालेले असते, म्हणून छापलेल्या सालातून एखादे वर्ष आणखी वजा करावे. बँकॉकचेच पाहा. जानेवारी 2023 पासून लांब पल्ल्याच्या बहुतेक गाड्या हुआ लम्फोंगऐवजी नव्या बांग स्यू स्टेशनवरून सुटू लागल्या. त्याआधीचे पुस्तक प्रवाशाला चुकीच्या स्टेशनवर नेईल. डॉन मुआंगवर 2012 पासून स्वस्त विमान कंपन्या परत आल्या, तेव्हा आपले तिकीट कोणत्या विमानतळाचे आहे तेही पाहायला हवे. तुर्कस्तानने जानेवारी 2005 मध्ये लिरावरची सहा शून्ये काढून टाकली, आणि एप्रिल 2019 मध्ये इस्तंबूलची प्रवासी विमाने अतातुर्क विमानतळावरून नव्या विमानतळावर गेली. पुस्तकातील भाव तर कधीच खरे धरू नयेत. आर्थर फ्रॉमर यांनी 1957 मध्ये दिवसाला पाच डॉलरमध्ये युरोप पाहण्याचे पुस्तक काढले, ते फार चालले, आणि पुढच्या आवृत्त्यांत त्यांना नावातला आकडाच वाढवत न्यावा लागला. व्हिसाचे नियमही पुस्तकात शोधू नयेत. ते दूतावासाकडूनच विचारून घ्यावेत.

दुसरी गोष्ट, पुस्तक कोणासाठी लिहिले आहे? टोनी आणि मॉरीन व्हीलर या जोडप्याने 1973 मध्ये आशियातून स्वस्तात प्रवास करण्याचे एक छोटे पुस्तक काढले, त्यातून लोनली प्लॅनेट उभी राहिली. 1982 मध्ये ग्रीसच्या पुस्तकाने रफ गाइड सुरू झाली. दोन्ही पाठीवर पिशवी टाकून महिनोन्‌महिने फिरणाऱ्या तरुणांसाठी निघाली होती. अशा पुस्तकातला स्वस्त मुक्काम बहुधा खाओ सान रस्त्यावर असतो. तो चुकीचा नाही, परंतु आपला बाजार प्रातुनाम आणि बोबे येथे, कापड पाहुरात येथे. खोलीत वाचवलेले पैसे रोजच्या टॅक्सीत जातात, शिवाय नमुन्यांचे गाठोडे घेऊन जिने चढावे लागतात ते वेगळेच. आपल्याला स्वस्त खोलीपेक्षा बाजाराजवळची खोली हवी. त्यासाठी दहा देशांचे एकत्र जाड पुस्तक घेऊ नये, त्यात एका शहराला मोजकीच पाने मिळतात. एका शहराचे पुस्तक घ्यावे आणि नकाशा पाहावा. बाजारांची नावे आहेत का? गल्ल्यांचे क्रमांक आहेत का? चांगल्या पुस्तकात सेन सेप कालव्यातील प्रवासी बोटीचे थांबे दाखवलेले असतात. बोबे आणि प्रातुनाम दोन्ही त्याच मार्गावर आहेत, आणि बोटीचे भाडे टॅक्सीच्या मानाने काहीच नाही. शिवाय ट्रॅफिकमध्ये अडकायला होत नाही. हे मला दुसऱ्या फेरीत समजले.

पुस्तक खरे की वरवरचे, हे ओळखण्यासाठी मी एक गोष्ट करतो. त्याच प्रकाशकाचे भारताचे पुस्तक दुकानातच उघडतो आणि मुंबईची पाने काढतो. मंगलदास मार्केट, क्रॉफर्ड मार्केट, मोहम्मद अली रोड ही आपली तोंडपाठ ठिकाणे. त्यांच्याबद्दल बरोबर लिहिले असेल, तर परक्या शहराबद्दलही थोडा भरवसा ठेवता येतो.

ज्यांचे इंग्रजी माझ्यासारखे आहे त्यांनी आणखी एक पाहावे. ठिकाणाच्या नावाशेजारी तिथल्या लिपीतले नाव छापलेले असावे. मग बोलण्याची गरजच पडत नाही, पान पुढे केले की पुरे. खाण्याच्या बाबतीत मात्र ही पुस्तके आपल्याला फारशी उपयोगी पडत नाहीत. प्रातुनामजवळ फेच्चबुरी रस्त्याच्या सात क्रमांकाच्या गल्लीत दारुल अमान मशीद आहे आणि तिच्या आसपास हलाल जेवण मिळते, हे मला एका टोपीवाल्या दुकानदाराने सांगितले. थायलंडच्या केंद्रीय इस्लामी परिषदेचे हलाल चिन्हही पाहून ठेवावे.

आता मुले म्हणतात की सर्व काही फोनमध्ये आहे. नकाशा आहे हे खरे, आणि विमानतळ बदलला तर फोनला ते लगेच कळते. परंतु हॉटेलबद्दल तिथे कोण लिहितो, पैसे घेऊन लिहितो की काय, ते समजत नाही. आणि दिवसभर बाजारात फोटो काढून संध्याकाळी बॅटरी संपते, ती नेमकी परतीच्या वेळी. मी दोन्ही जवळ ठेवतो. नकाशाची आणि बाजाराची पाने तेवढी फाडून खिशात घेतो. पुस्तक फाडणे जिवावर येते खरे, पण अख्खे पुस्तक वागवण्यापेक्षा ते बरे.

किमान किती नग घ्यावे लागतील, कार्गो कोणाकडून पाठवावा, ड्यूटी किती, हे कोणत्याही गाइडबुकात नसते. ते आधी जाऊन आलेल्या व्यापाऱ्याला विचारावे, आणि माल आणायचा असेल तर आयात-निर्यात कोड आधी काढून घ्यावा. गेल्या खेपेला माझा पुतण्या बँकॉकला गेला तेव्हा त्याने पुस्तकात पेन्सिलीने बदललेले भाव, बंद झालेली हॉटेले आणि दोन नवी दुकाने लिहून आणली. ती प्रत आमच्या दुकानात गल्ल्याशेजारी ठेवलेली आहे. जाणाऱ्याने न्यावी, आपलीही टिपणे त्यात करावी आणि परत आणून द्यावी.