साठ टक्क्यांचा टोलनाका

नाशिकच्या अंबडला स्वतःचं मशीन शॉप असलेला माझा एक मित्र आहे. इंजिनिअरिंगला असलेलं कुणाचंही पोरगं समोर आलं की तो एकच मंत्र देतो, "मार्क कोण विचारतं रे? मला आजवर एकानेही मार्कशीट मागितली नाही." खरं आहे. त्याने आयुष्यात कुठे अर्जच केला नाही. वडिलांच्या शेडमध्ये दोन लेथ होत्या, तिसरी आणून हा मालक झाला. मार्कशीट मागणार कोण, लेथ?

वर्षानुवर्षं सातपूरच्या कारखान्यात मुलाखती घेतल्यामुळे आणि आता कॉलेजांमधून बोलावणी येत असल्यामुळे हे वाक्य माझ्या कानावर फार पडतं. एसईतला, म्हणजे दुसऱ्या वर्षाचा पोरगा ते मनावर घेतो, दोन केट्या (राहिलेले विषय) अंगावर वागवतो आणि शेवटच्या वर्षी, बीईत प्लेसमेंटचा हंगाम सुरू झाला की टीपीओच्या, म्हणजे प्लेसमेंट अधिकाऱ्याच्या दारात उभा राहतो. कुणी टोकलंच, तर खिशात गूगलचा दाखला तयार असतो: "गूगलसुद्धा मार्क बघत नाही."

तर आधी गूगल. २०१३ साली गूगलच्या मनुष्यबळ विभागाचे प्रमुख लास्लो बॉक यांनी 'न्यूयॉर्क टाइम्स'ला मुलाखत दिली. कॉलेजातल्या गुणांवरून माणूस कामाला कसा निघेल हे आम्हाला कळत नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा सारांश होता. त्यात एक अपवादही त्यांनी सांगितला होता. नुकतेच कॉलेजातून बाहेर पडलेल्यांच्या बाबतीत गुणांचा कामाशी थोडासा संबंध दिसतो. मोबाइलवरून मोबाइलवर जाताना हा अपवाद वाटेत कुठेतरी गळून पडला, आणि आपलं पोरगं नेमकं त्या अपवादातलं.

आता आपल्याकडच्या जाहिराती काढा. टीसीएसच्या अलीकडच्या फ्रेशर भरतीत अट सरळ लिहिलेली असते: दहावी, बारावी, डिप्लोमा केला असेल तर तोही, आणि पदवी, या प्रत्येकात ६० टक्के किंवा ६ सीजीपीए. प्रत्येकात म्हणजे प्रत्येकात. सरासरी काढून चालत नाही. विप्रोची फ्रेशर भरतीही साठाच्याच आसपास घुटमळते. एक मुलगी मला अजून आठवते. पदवीला ८.४, प्रोजेक्ट उत्तम, बोलणं स्वच्छ. बारावीच्या परीक्षेत टायफॉइड झाला होता, तिथे ५७ टक्के. तिचा फॉर्म पहिल्या पानाच्या पुढे सरकलाच नाही. तिची हुशारी पाहायला पलीकडे माणूस असायला हवा होता, तिथे होता फक्त एक रकाना.

कंपन्या असं का करतात? दुष्टपणा नाही त्यात, आकड्यांचा रेटा आहे. २०२१-२२ या एका आर्थिक वर्षात टीसीएसने १ लाख फ्रेशर घेतले. घेतले एक लाख, तर अर्ज केलेले किती असतील! एवढे बायोडेटा कोण वाचणार? मग चाळणी लागते आणि सगळ्यात स्वस्त चाळणी म्हणजे गुण. आमच्या अंबडच्या मित्रालाही ते कळलं. त्याला एकच क्वालिटी इंजिनिअर हवा होता. व्हॉट्सॲपवर दोन दिवसांत बायोडेटांचा पाऊस पडला, तेव्हा त्याने मला फोन करून विचारलं, "यातले साठच्या खालचे आधी बाजूला काढू ना?" मी त्याला त्याचा मंत्र ऐकवला. फोन कट झाला.

पण हे ऐकून दुसऱ्या टोकाला पळू नका. नऊ पॉइंटर म्हणजे नोकरी ठरलेली, असं मानणारे आईवडीलही मला भेटतात आणि त्यांना समजावणं जास्त कठीण जातं. पिंपळगाव बसवंतचा टोलनाका आठवा. फास्टॅगमध्ये पैसे कमी असले की दांडा उघडत नाही, मागचे हॉर्न वाजवतात, आपण बाजूला. पुरेसे असले की उघडतो. मग त्यात दोनशे होते की दोन हजार, हे दांड्याला कळत नाही. साठाच्या अटीचंही तसंच. टीसीएसमध्येच निंजा, डिजिटल आणि प्राइम अशा पायऱ्या आहेत. निंजाला वर्षाला ३.३६ लाख, डिजिटलला ७ लाखांच्या आसपास, प्राइमला त्याहून वर. तिन्हींच्या नाक्यावर अट तीच साठाची. कोण कुठल्या पायरीवर जाणार, हे त्यांच्या परीक्षेवर आणि मुलाखतीवर ठरतं. साठवाला डिजिटलला लागला आणि नऊवाला निंजाला, यात नवल काहीच नाही.

सातपूर, अंबड, सिन्नरच्या कारखान्यांत तर हे आणखी उघड दिसतं. आम्ही मुलाखतीला टेबलावर एक ड्रॉइंग आणि एक व्हर्निअर ठेवायचो. एच७/जी६ लिहिलंय, म्हणजे शाफ्ट भोकात फिरेल की ठोकून बसवावा लागेल? डिस्टिंक्शनवाली निम्मी मुलं इथे छताकडे बघायची. (फिरेल. सैल बसण्यातलाच प्रकार आहे तो, फट अगदी थोडी.)

शंकेखोरांसाठी एक अभ्यासही सांगून ठेवतो. १९९६ साली फिलिप रॉथ आणि सहकाऱ्यांनी गुण आणि नोकरीतली कामगिरी यांवरचे आधीचे बरेच अभ्यास एकत्र करून 'जर्नल ऑफ अप्लाइड सायकॉलॉजी'त मांडणी केली. सहसंबंध निघाला ०.१६, मोजमापातल्या उणिवा हिशेबात धरून सुधारला तर ०.३०च्या वर. म्हणजे शून्य नाही आणि भरवशाचाही नाही. पदवीला जितकी वर्षं उलटतात तितका तो विरत जातो, हेही त्यात आहे. पाच वर्षांच्या अनुभवानंतर बायोडेटात सीजीपीए कुणी वाचत नाही, इथपर्यंत आमचा मित्र बरोबर आहे. पण त्याचा उपदेश ऐकणाऱ्याला अजून पहिलाच दिवस उगवायचा आहे.

आणि गुणांच्या भांडणात एक गोष्ट सगळेच विसरतात, ती म्हणजे साल. २०२१-२२ मध्ये लाखभर मुलं घेणाऱ्या त्याच टीसीएसची माणसं २०२३-२४ मध्ये १३,२४९ने घटली. इन्फोसिसची त्याच वर्षी २५,९९४ने. २०२२ला सहज लागलेला सात पॉइंटर दादा आणि २०२४ला घरी बसलेला आठ पॉइंटर धाकटा भाऊ, अशा जोड्या नाशकात शोधाव्या लागत नाहीत. धाकट्याला घरात टोमणे मारणाऱ्यांनी हे आकडे फ्रिजवर चिकटवावेत.

उरलेले गैरसमज भराभर.

सीजीपीए गुणिले दहा म्हणजे टक्के: नाही. इस्रोच्या शास्त्रज्ञ-अभियंता भरतीत ६५ टक्के किंवा १० पैकी ६.८४ अशी अट असते. ६.६ला "माझे ६६ टक्के" म्हणणारा तिथे बाहेर. टक्के आपल्या विद्यापीठाच्या सूत्राने काढायचे, ९.५ने गुणायची सवय सीबीएसईच्या दहावीतून आली आहे.

सरकारी नोकरीला फर्स्ट क्लासच लागतो: यूपीएससी आणि एमपीएससीच्या अभियांत्रिकी सेवांना पदवी पुरते, गुण तिथल्या परीक्षेत मिळवायचे. मात्र एनटीपीसीसारख्या सरकारी कंपन्या गेटच्या गुणांबरोबर खुल्या गटाला पदवीचे ६५ टक्केही मागतात, तेव्हा सगळ्यांना एकाच मापाने मोजू नका.

एक बॅकलॉग असला की सगळं संपलं: टीसीएस, विप्रो अर्जाच्या वेळी एक चालू बॅकलॉग चालवून घेतात. रुजू होण्याआधी तो निघालेला हवा. गणिताचा तो एम-थ्री त्यासाठीच लवकर काढा.

वायडी (वाया गेलेलं वर्ष) म्हणजे कपाळावर शिक्का: टीसीएस शिक्षणातला एकूण दोन वर्षांपर्यंतचा खंड चालवून घेते, बाकीच्यांची अट जाहिरातीत वाचावी. मुलाखतीत मात्र त्या वर्षी काय केलं हे हमखास विचारतात. निफाडकडच्या एका वायडीवाल्याने सांगितलं, मामाच्या द्राक्षांच्या कोल्ड स्टोरेजवर होतो, कॉम्प्रेसर वारंवार ट्रिप व्हायचा, कारण शोधत बसलो. मग पुढची वीस मिनिटं आम्ही तिघे त्याच्याशी त्या कॉम्प्रेसरबद्दलच बोलत होतो, आणि त्याची मार्कशीट उघडायची राहूनच गेली. एकसष्ट पॉइंट काहीतरी होते त्याला. एकोणसाठ असते, तर तो त्या खोलीत आलाच नसता.